आतड्याचा कर्करोग पसरला कसा? मूळ गाठ आणि पसरलेल्या गाठींच्या डीएनएवरून माग काढण्याची पद्धत

मोठ्या आतड्यातली गाठ शस्त्रक्रियेत काढली आणि वर्षभराने यकृतात दुसरी सापडली. ही दुसरी गाठ पहिलीतल्या कोणत्या पेशींनी रुजवली? त्या पेशी तिथून केव्हा निघाल्या? आधी लसिकाग्रंथीत मुक्काम करून पुढे गेल्या, की रक्तवाहिनीतून परस्पर यकृतात पोचल्या? पेशी विभागताना डीएनएत होणाऱ्या चुका पुढच्या पिढ्यांत तशाच उतरतात. त्यामुळे कोणती चूक कोणाकोणात सारखी आहे हे पाहिलं की पेशींची वंशावळ मांडता येते आणि या प्रश्नांची उत्तरं मिळू लागतात.

हे काम बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतं. नमुन्यात म्युटेशन, म्हणजे डीएनएतली अशी एखादी चूक, दिसलं नाही, एवढ्यावरून ते त्या गाठीत नव्हतंच असं धरलं जातं. पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना या एका चुकीपासून वाचण्यासाठी आहेत. प्रयोगशाळेत काम करणारे विद्यार्थी, पॅथॉलॉजिस्ट आणि माहितीचं विश्लेषण करणारे, तिघांनीही त्या नमुना घेण्याच्या आधी वाचाव्यात. नमुना घेताना झालेली चूक संगणकावर दुरुस्त होत नाही.

‘पसरण्याचं जनुक’ शोधू नका

नवखा संशोधक सहसा मूळ गाठीत नसलेलं आणि यकृतातल्या गाठीत असलेलं एखादं म्युटेशन शोधायला निघतो. या कर्करोगात असं ठरावीक, रुग्णागणिक पुन्हा पुन्हा भेटणारं म्युटेशन आजवर हाती लागलेलं नाही. ‘द कॅन्सर जीनोम ॲटलस’ प्रकल्पाने २०१२ साली २७६ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. अतिम्युटेशन (म्हणजे म्युटेशनांची संख्या फारच जास्त) नसलेल्या गाठींपैकी साधारण ८१% गाठींत एपीसी हे जनुक, ६०% गाठींत टीपी५३ आणि ४३% गाठींत केरास बिघडलेलं होतं. हे मोठे बिघाड पसरण्याच्या आधीच झालेले असतात. त्यामुळे ते मूळ गाठीत असतात तसेच यकृतातल्या गाठीतही असतात. २००८ सालच्या एका तुलनात्मक अभ्यासाचा अंदाज असा होता की मोठ्या पण निरुपद्रवी गाठीचा प्रगत कर्करोग व्हायला सुमारे १७ वर्षं लागतात, पण तिथून पसरण्याची क्षमता यायला दोन वर्षंही लागत नाहीत. एवढ्या थोड्या काळात नवी महत्त्वाची म्युटेशनं फारशी साठत नाहीत.

म्हणून प्रश्न वंशाचा, वाटेचा आणि वेळेचा विचारावा. असे प्रश्न विचारणाऱ्या दोन अभ्यासांची पद्धत मुळातून समजून घेण्यासारखी आहे. कॅमिला नाक्सेरोवा आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली १७ रुग्णांचे २१३ नमुने तपासले. सलग ‘जी’ अक्षरांच्या पट्ट्यांची लांबी पेशी विभागताना सहज बदलते, आणि त्याच बदलांवरून त्यांनी वंशावळ काढली. सुमारे ६५% रुग्णांत लसिकाग्रंथींतल्या गाठी आणि दूरच्या अवयवांतल्या गाठी मूळ गाठीतल्या वेगवेगळ्या उपक्लोनांपासून (क्लोन म्हणजे एकाच पेशीची सगळी प्रजा, उपक्लोन म्हणजे तिची एक शाखा) आल्या होत्या. म्हणजे या रुग्णांत ग्रंथी ही यकृताकडे जाताना लागणारी पायरी नव्हती. दुसरा अभ्यास २०१९ सालचा, २३ रुग्णांच्या ११८ नमुन्यांचा. त्यात तपासता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८०% जणांत बीज फार लवकर, बहुधा मूळ गाठ तपासणीत दिसण्याआधीच, बाहेर पडलं असावं असा निष्कर्ष निघाला.

रुग्ण निवडताना

वाटेचा प्रश्न सोडवायचा तर एकाच रुग्णाची मूळ गाठ, ग्रंथी आणि दूरची गाठ अशी तिन्ही हवीत. वेळेचा प्रश्न सोडवायचा तर औषधोपचारापूर्वीचे नमुने मिळतील तितके चांगले. गुदाशयाच्या रुग्णांना अनेकदा शस्त्रक्रियेआधीच किरणोपचार आणि केमोथेरपी दिलेली असते. मग मूळ गाठीचा उपचारापूर्वीचा नमुना म्हणजे दुर्बिणीतून घेतलेला इवलासा तुकडा. त्यावर पाच चाचण्यांचा भार टाकला की एकही नीट होत नाही. तो कशासाठी वापरायचा हे आधीच ठरवून ठेवा.

गाठ नेमकी कुठे होती हे सेंटिमीटरमध्ये नोंदवा. कोलनचं रक्त पोर्टल शिरेतून यकृतात जातं, म्हणून पहिली पसरलेली गाठ बहुधा यकृतात भेटते. गुदाशयाच्या खालच्या भागातलं काही रक्त यकृताला वळसा घालून थेट मोठ्या शिरेत आणि पुढे फुप्फुसांकडे जातं. ही नोंद नसेल तर फुप्फुसातली गाठ पाहून ‘हा वेगळाच क्लोन’ असं जनुकीय स्पष्टीकरण दिलं जातं, आणि खरं कारण शिरांच्या मांडणीत असतं.

डीएनए-दुरुस्ती बिघडलेल्या, म्हणजे एमएसआय प्रकारच्या गाठींचा गट पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. सगळ्या टप्प्यांचे रुग्ण धरले तर त्या साधारण १५% असतात, पण दूरवर पसरलेल्या रोगात जेमतेम ४–५%. ‘ॲटलस’च्या त्याच अभ्यासात अतिम्युटेशन असलेल्या गाठींत प्रथिन बदलणाऱ्या म्युटेशनांची मध्यक संख्या ७२८ होती, बाकीच्यांत ५८. दोन्ही गट एकत्र केले की वंशावळीतल्या फांद्यांच्या लांबीची तुलना निरर्थक होते.

नमुने: इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या

मूळ गाठीतून एकच तुकडा घेणं ही सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे. त्या तुकड्यातल्या सगळ्या पेशींत दिसणारं म्युटेशन दोन सेंटिमीटरवर कदाचित नसेलही. मूळ गाठीतून निदान चार-पाच ठिकाणचे तुकडे घ्या: आतड्याच्या पोकळीकडचा पृष्ठभाग, मधला भाग, आणि सर्वांत आत घुसलेली कड निदान दोन ठिकाणी. शेजारी ॲडेनोमाचा, म्हणजे कर्करोगाआधीच्या निरुपद्रवी गाठीचा, अवशेष शिल्लक असेल तर तो सोन्यासारखा आहे, सोडू नका. कर्करोग असलेली प्रत्येक ग्रंथी स्वतंत्र नमुना म्हणून घ्या, आणि प्रत्येक पसरलेल्या गाठीतून दोन-तीन तुकडे. यकृतातल्या गाठीचा मध्य बऱ्याचदा मृत पेशींनी भरलेला असतो, म्हणून तिथे कडेचा भाग घ्या.

ताजा तुकडा ३ ते ५ मिलिमीटरचा असावा आणि गाठ बाहेर काढल्यावर शक्यतो अर्ध्या तासात द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० अंशांवर ठेवावा. कापण्याआधी गाठीचा मोजपट्टीसह फोटो घ्या आणि प्रत्येक तुकड्याची जागा त्यावर क्रमांकाने खुणवा. ‘प्राथमिक–१, प्राथमिक–२’ एवढंच लिहिलेल्या नळ्यांवरून सहा महिन्यांनी कड कोणती आणि मध्य कोणता हे कोणालाच सांगता येत नाही.

बहुतेकांच्या वाट्याला मात्र पॅराफिन ब्लॉक येतात. त्यांच्यासाठी १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास हा मुरवण्याचा काळ पाळलेला असावा. त्याहून जास्त काळ ठेवलं की डीएनएचे बारीक तुकडे होतात. ब्लॉकमधून १० मायक्रॉनचे आठ ते दहा काप घ्या आणि पहिल्या कापाआधी व शेवटच्या कापानंतर एकेक पातळ काप एच-अँड-ई रंगासाठी काढा. दोन्ही टोकांना गाठ दिसली तरच मधल्या कापांवर भरवसा ठेवता येतो. पॅथॉलॉजिस्टने काचेवर कर्कपेशींचा भाग आखून द्यावा आणि तेवढाच ब्लेडने खरवडून घ्यावा. कर्कपेशींचं प्रमाण निदान ३०–४०% असावं. म्यूसिन (चिकट स्राव) स्रवणाऱ्या गाठींत, केमोथेरपीनंतरच्या गाठींत आणि ग्रंथींतल्या छोट्या ठिपक्यांत हे प्रमाण हमखास कमी भरतं. तिथे लेझरने पेशी वेगळ्या काढणं कष्टाचं असलं तरी त्याला पर्याय नाही.

निरोगी नमुना कोणता घ्यायचा हाही तितकाच नाजूक प्रश्न आहे. गाठीलगतच्या ‘निरोगी’ आतड्यात थोड्या जरी कर्कपेशी मिसळल्या तरी संगणक खरं म्युटेशन ‘हे तर निरोगी पेशींतही आहे’ म्हणून गाळून टाकतो. जी म्युटेशनं सर्व गाठींत आहेत, म्हणजे वंशावळीचं खोड, तीच आधी गळतात. रक्त घेतलं तर दुसरी अडचण येते. वयस्क माणसांच्या रक्तपेशींत डीएनएमटी३ए, टेट२, कधी टीपी५३ यांची म्युटेशनं असलेले क्लोन वाढलेले असतात. त्या रक्तपेशी गाठीतही शिरलेल्या असतात. साधा मार्ग असा: रक्त घ्या, त्याचं कव्हरेज (डीएनएची प्रत्येक जागा सरासरी किती वेळा वाचली) पुरेसं ठेवा, आणि या जनुकांतलं कमी प्रमाणातलं म्युटेशन कर्कपेशींचं आहे असं पटकन मानू नका.

डीएनए काढणं आणि मोजणं

मोजणी फ्लोरोमीटरवर करा. नॅनोड्रॉप आरएनएसकट सगळं मोजतो आणि पॅराफिनच्या नमुन्यांत आकडा फुगवून दाखवतो. त्यानंतर तुकड्यांची लांबी तपासा.

एक हिशेब पाठ असू द्या. माणसाच्या जीनोमच्या एका प्रतीचं वजन सुमारे ३.३ पिकोग्रॅम असतं, म्हणजे १ नॅनोग्रॅममध्ये साधारण ३०० प्रती. १० नॅनोग्रॅम डीएनए म्हणजे ३,००० प्रती, आणि लायब्ररी, म्हणजे यंत्रावर वाचण्याजोगा केलेला डीएनए, बनवताना त्यातल्याही बऱ्याच वाया जातात. अशा नमुन्याचं १०,००० पट सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) केलं तरी त्याच त्या रेणूंच्या नकला पुन्हा पुन्हा वाचल्या जातात, नवी माहिती येत नाही. पॅराफिनच्या नमुन्याला शक्य असेल तर २०० नॅनोग्रॅम द्या आणि रेणूंना ओळख देणारे बारकोड वापरा, म्हणजे नक्कल कोणती आणि मूळ रेणू कोणता हे कळतं.

फॉर्मॅलिनमुळे सायटोसिनचं युरॅसिल होतं आणि सिक्वेन्सिंगमध्ये ते ‘सी’च्या जागी ‘टी’ असं दिसतं. युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज हे एन्झाइम वापरल्यास यातले बरेच खोटे बदल जातात. पण जिथे सायटोसिनवर मिथाइल गट असतो तिथे थेट थायमिन तयार होतं, आणि ते या एन्झाइमला ओळखता येत नाही. म्हणून ‘सीजी’ जोडीतले, ५–१०% पेक्षा कमी वाट्याचे (म्हणजे त्या जागेच्या तेवढ्याच वाचनांत दिसणारे), एकाच पॅराफिन नमुन्यात दिसणारे ‘सी’चे ‘टी’ बदल संशयाच्या यादीत ठेवा. मूळ गाठ पॅराफिनची आणि यकृतातली ताजी गोठवलेली, अशी जोडी शक्यतो टाळा. मूळ गाठीत भरपूर ‘खास’ म्युटेशनं दिसतील आणि ती फॉर्मॅलिनने केलेली असतील.

किती वेळा वाचायचं

एक्झोमसाठी, म्हणजे जीनोममधला प्रथिनं बनवणारा भाग वाचताना, गाठीला १५०–२०० पट आणि निरोगी नमुन्याला ६०–१०० पट कव्हरेज हा बरा तोडगा आहे. त्यामागचं गणित असं. एखादं म्युटेशन ५% रीडमध्ये (रीड म्हणजे यंत्राने वाचलेला डीएनएचा एक तुकडा) असायला हवं आणि किमान तीन रीडमध्ये दिसल्याशिवाय आपण ते मानणार नाही, असं धरू. ३० पट कव्हरेजमध्ये ते सुमारे ८१% वेळा निसटेल. १०० पट असेल तर सुमारे १२% वेळा. २०० पट असेल तर हजारात दोन-तीनदाच. पैसे कमी असतील तर रुग्ण कमी करा, पण कव्हरेज आणि प्रत्येक रुग्णामागचे नमुने कमी करू नका.

एकाच रुग्णाचे सगळे नमुने एकाच किटने आणि एकाच खेपेत करावेत, नाहीतर दोन खेपांमधला फरक गाठींमधल्या फरकासारखा दिसतो. पण त्यात एक धोका आहे. एका खेपेत काही रीड चुकून दुसऱ्या नमुन्याच्या नावावर जातात. मूळ गाठीतल्या म्युटेशनचे दोन-तीन रीड असे यकृताच्या नमुन्यात गेले की ‘अनेक क्लोनांनी मिळून ही गाठ रुजवली’ असा भलताच निष्कर्ष तयार होतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक नमुन्याला दोन्ही टोकांना वेगळे इंडेक्स, म्हणजे नमुना ओळखणारे छोटे बारकोड, देणं. ही जोडी दुसऱ्या कुठल्याही नमुन्यात पुन्हा वापरू नये.

विश्लेषण: ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’

रीड जीआरसीएच३८ या मानवी संदर्भ-जीनोमवर बीडब्ल्यूए-मेम या प्रोग्रॅमने बसवा आणि नकला खुणवा. पुढे जाण्याआधी सगळे नमुने खरंच त्याच माणसाचे आहेत ना हे जन्मजात बदलांवरून पडताळा. नळ्यांची अदलाबदल होते, आणि ती ‘मूळ गाठीशी काहीच नातं नसलेली पसरलेली गाठ’ या रूपात समोर येते. कधी कधी रुग्णाला आतड्याचे दोन स्वतंत्र कर्करोगही असतात, त्यामुळे ही शक्यता आणि अदलाबदल या दोन्हींचा छडा लावल्याशिवाय थांबू नये.

म्युटेशन शोधायला म्युटेक्ट२ किंवा स्ट्रेल्का२ हा प्रोग्रॅम वापरा, सोबत निरोगी नमुन्यांचा संच गाळणीसारखा जोडा. आता इथे नीट लक्ष द्या. प्रत्येक नमुन्याची यादी स्वतंत्रपणे काढून त्या याद्यांची तुलना करू नका. सर्व याद्या एकत्र करून एक मोठी यादी बनवा आणि तिच्यातली प्रत्येक जागा प्रत्येक नमुन्यात पुन्हा मोजा: एकूण रीड किती, त्यातले म्युटेशनचे किती. मग प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक शेरा लिहा. ‘आहे’ केव्हा लिहायचं ते सोपं आहे. ‘नाही’ तेव्हाच लिहा, जेव्हा ते म्युटेशन सगळ्या कर्कपेशींत असतं तर ते निसटण्याची शक्यता ५% पेक्षा कमी भरली असती. उरलेलं सगळं ‘सांगता येत नाही’.

हे किती महत्त्वाचं आहे पाहा. यकृताच्या नमुन्यात कर्कपेशी २०% आहेत आणि कव्हरेज ४० पट. सगळ्या कर्कपेशींत असलेलं, गुणसूत्राच्या दोनपैकी एका प्रतीवरचं म्युटेशन इथे फक्त १०% रीडमध्ये, म्हणजे सरासरी चार रीडमध्ये दिसेल. तीन रीडची अट लावली तर अशी सुमारे २२% म्युटेशनं निसटतात. पाचातलं एक खोडावरचं म्युटेशन यकृतात ‘नाही’ असं लिहिलं गेलं की वंशावळ सांगते, ही गाठ फार लवकर वेगळी झाली. प्रत्यक्षात नमुना पातळ होता, एवढंच.

वाट्यावरून अर्थ काढताना प्रतींची संख्या विसरू नका. सूत्र असं आहे:

म्युटेशनचा वाटा = (कर्कपेशींचं प्रमाण × म्युटेशन असलेल्या प्रती) ÷ (कर्कपेशींचं प्रमाण × कर्कपेशीतल्या एकूण प्रती + निरोगी पेशींचं प्रमाण × २)

कर्कपेशी ४०% असतील आणि त्या जागी दोन प्रती असतील, तर सगळ्या कर्कपेशींत असलेल्या एका प्रतीवरच्या म्युटेशनचा वाटा २०% येतो. प्रती चार झाल्या की तोच वाटा १४% होतो. दुसऱ्या आकड्याला ‘उपक्लोन’ म्हणण्याचा मोह होतो, पण म्युटेशन दोन्हीकडे सर्व कर्कपेशींतच आहे. प्रती आणि कर्कपेशींचं प्रमाण काढायला फॅसेट्स किंवा ॲस्कॅट वापरा, आणि त्यांनी दिलेलं प्रमाण पॅथॉलॉजिस्टच्या अंदाजाशी ताडून पाहा. आकडे फार वेगळे आले तर बहुधा प्रोग्रॅमने एकूण प्रती दोनच्या जागी चार, किंवा चारच्या जागी दोन धरलेल्या असतात.

आतड्याच्या कर्करोगात आणखी एक फसवणूक नेहमीची आहे. १८व्या गुणसूत्राची लांब भुजा, जिच्यावर स्मॅड४ हे जनुक आहे, अनेक गाठींत गळून पडते. मूळ गाठीत त्या भुजेवर दहा म्युटेशनं होती आणि यकृतातल्या गाठीने नेमकी तीच प्रत गमावली, तर ती दहाही तिथे ‘नाहीत’ दिसतात. त्यावरून यकृतातली गाठ जुनी ठरवणं म्हणजे उलटा अर्थ काढणं, कारण म्युटेशनं आधी होती आणि नंतर गेली. कुठल्याही नमुन्यात प्रत गळालेल्या भागातली म्युटेशनं वंशावळीच्या हिशेबातून बाजूला काढा.

शेवटी, वंशावळीचं रूप ज्यांच्यावर अवलंबून आहे ती वीस-तीस म्युटेशनं आयजीव्ही या रीड पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडून डोळ्यांनी पाहा. एका दिवसाचं काम आहे.

वंशावळ बांधणं आणि वाचणं

कमीत कमी बदलांत जुळणारी वंशावळ काढणं ही सुरुवातीला पुरेशी पद्धत आहे. बूटस्ट्रॅप (म्युटेशनं यादृच्छिक निवडून वंशावळ पुन्हा बांधणं) १,००० वेळा करा. त्याहून उपयोगी कसोटी म्हणजे मूळ गाठीचा एकेक नमुना वगळून वंशावळ पुन्हा बांधणं. एक तुकडा काढल्यावर ‘लवकर पसरली’चं ‘उशिरा पसरली’ होत असेल, तर तुमचा निष्कर्ष त्या एका तुकड्यावर टांगलेला आहे. मूळ गाठीतला न तपासलेला भाग नेहमीच तपासलेल्या भागापेक्षा कितीतरी मोठा असतो, ही मर्यादा निष्कर्षाच्या वाक्यातच लिहा.

दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर अनेक क्लोनांनी गाठ रुजवल्याचा संशय घ्यावा: तीच म्युटेशनं मूळ गाठीत काही पेशींत आहेत आणि पसरलेल्या गाठीतही काहीच पेशींत आहेत. एकाच पेशीने गाठ रुजवली असती तर तिची म्युटेशनं तिथल्या सर्व पेशींत दिसली असती.

फांदीची लांबी म्हणजे काळ नव्हे. ऑक्सॅलिप्लॅटिनसारखी प्लॅटिनमची औषधं एसबीएस३१ आणि एसबीएस३५ या खुणा, म्हणजे म्युटेशनांच्या ठरावीक घडणी, सोडतात, ५-फ्लुरोयुरॅसिलचा संबंध एसबीएस१७बीशी आहे. उपचारानंतर काढलेल्या यकृताच्या गाठीची फांदी या म्युटेशनांनी लांबते आणि ती फार जुनी भासते. काळाचा अंदाज हवा असेल तर वयाबरोबर साठत जाणारी एसबीएस१ खूणच मोजा आणि औषधांच्या खुणा वजा करा.

फक्त पसरलेल्या गाठीत सापडलेल्या म्युटेशनांची यादी हाती आली की तिच्यातलं ओळखीचं जनुक उचलून गोष्ट रचली जाते. त्यातली बहुतेक म्युटेशनं गाठ रुजवणाऱ्या पेशीत योगायोगाने होती म्हणून आली. म्युटेशनाचा पेशींना फायदा होऊन त्यांची निवड झाली असं म्हणायचं तर अनेक रुग्णांत मिळून, प्रथिन बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या म्युटेशनांच्या गुणोत्तरात ती दिसली पाहिजे. आणि मोजताना एकक रुग्ण धरा. दहा रुग्णांचे ऐंशी तुकडे म्हणजे दहाच निरीक्षणं.

आरएनए पाहताना

पेशीत कोणती जनुकं चालू आहेत हे आरएनएवरून कळतं. यकृतातल्या गाठीचा आणि आतड्यातल्या गाठीचा आरएनए एकत्र ठेवून ‘वाढलेली जनुकं’ काढली की यादीच्या माथ्यावर अल्ब्युमिन, यकृतात बनणारं प्रथिन, येतं. ती यकृताच्या पेशींची भेसळ असते. म्हणून तुलनेत निरोगी यकृताचा आणि निरोगी आतड्याचा नमुना हवाच. तसंच, २०१५ साली मांडलेल्या या कर्करोगाच्या चार उपप्रकारांपैकी सीएमएस४ हा वाईट परिणामांशी जोडलेला गट आहे. पण त्याची बरीचशी खूण कर्कपेशींतून येत नाही, ती गाठीतल्या फायब्रोब्लास्टांची, म्हणजे आधार देणाऱ्या ऊतीतल्या पेशींची, असते. फायब्रोब्लास्ट किती आहेत हे मोजल्याशिवाय ‘कर्कपेशींनी रूप बदललं’ असं लिहू नये.

एकेका पेशीचा आरएनए वाचल्यावर हा गोंधळ बराच सुटतो. मूळ गाठीतून निसटून पुढे रोग परत आणणाऱ्या पेशींचं ईएमपी१ हे ठळक चिन्ह २०२२ साली असंच पुढे आलं, आणि एल१कॅम असलेल्या पेशी पसरण्यासाठी गरजेच्या आहेत हे २०२० साली दाखवलं गेलं. यातल्या कशासाठीच नवं म्युटेशन लागत नाही. जनुकं चालू-बंद होण्यातून हे घडतं. डीएनएत उत्तर सापडलं नाही तर पुढे इथेच पाहावं लागतं. पेशी सुट्या करताना ३७ अंशांवर एन्झाइममध्ये तासभर ठेवल्यास एफओएस, जून आणि उष्णताधक्का प्रथिनांची जनुकं आपोआप पेटतात, म्हणून थंडीत काम करणारं प्रोटीएज वापरा.

ऑर्गनॉइडमध्ये कसोटी

वंशावळ संबंध दाखवते, कारण सिद्ध करत नाही. त्यासाठी माणसाच्या आतड्याच्या पेशींचे ऑर्गनॉइड, म्हणजे अवयवासारखे छोटे गोळे, मॅट्रिजेल या जेलीत वाढवून क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने एकेक जनुक बिघडवता येतं. योग्य पेशी निवडायला माध्यमच मदत करतं: त्यातलं एखादं वाढीचं द्रव्य काढलं किंवा औषध घातलं की नको त्या पेशी मरतात. एपीसी बिघडलेल्या पेशी डब्ल्यूएनटी आणि आर-स्पॉन्डिनशिवाय जगतात, केरासचं म्युटेशन असलेल्या ईजीएफशिवाय, टीपी५३ गेलेल्या नटलिन-३ असताना, आणि स्मॅड४ गेलेल्या नॉगिनशिवाय. प्रत्येक निवडीनंतर डीएनए तपासून बिघाड दोन्ही प्रतींत झाला का ते पाहा. निवडीच्या दबावाखाली भलत्याच म्युटेशनच्या पेशीही टिकून राहतात. मायकोप्लाझ्माची (पेशींत नकळत वाढणाऱ्या जिवाणूंची) चाचणी दर महिन्याला करा.

२०१५ साली जपानमधल्या गटाने निरोगी पेशींत एपीसी, केरास, स्मॅड४, टीपी५३ आणि पीआयके३सीए ही पाचही जनुकं बदलून असे ऑर्गनॉइड उंदरांच्या प्लीहेत टोचले. यकृतात सूक्ष्म ठिपके झाले, पण मोठ्या गाठी वाढल्या नाहीत. गुणसूत्रं अस्थिर असलेल्या ॲडेनोमापासून सुरुवात केल्यावर मात्र मोठ्या गाठी झाल्या. तुमच्या प्रयोगातही गुणसूत्रांच्या प्रती सुरुवातीला आणि शेवटी मोजा, नाहीतर श्रेय चुकीच्या जनुकाला जाईल. प्लीहेत टोचण्याच्या पद्धतीत मूळ गाठ सोडून रक्तवाहिनीत शिरण्याचा टप्पाच वगळलेला असतो. त्या टप्प्याबद्दल बोलायचं असेल तर पेशी सीकमच्या (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) भिंतीत रुजवाव्या लागतात.

रक्तातल्या डीएनएवरून पाठपुरावा

मूळ गाठीचं एक्झोम हाती असेल तर रुग्णाच्या रक्तात त्याच म्युटेशनांचा शोध घेता येतो. क्रम असा ठेवा:

१. १० मिलिलिटरच्या दोन नळ्या घ्या. ईडीटीए नळी (रक्त गोठू न देणारी) असेल तर दोन ते चार तासांत प्लाझ्मा वेगळा करा. उशीर झाला की रक्तपेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळतो आणि कर्कपेशींचा वाटा बुडतो.

२. १,६०० जी वेगाने १० मिनिटं फिरवा, तळाचा थर न हलवता प्लाझ्मा उचला, मग १६,००० जी वेगाने पुन्हा १० मिनिटं.

३. मधला पांढऱ्या पेशींचा थर टाकू नका. रक्तपेशींची स्वतःची म्युटेशनं ओळखायला तोच लागतो.

४. डीएनएच्या तुकड्यांची लांबी १६७ अक्षरांच्या आसपास आली पाहिजे. लांब तुकड्यांचा मोठा उंचवटा दिसला तर रक्तपेशी फुटल्या आहेत.

५. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला नमुना साधारण चार आठवड्यांनी घ्या. त्याआधी जखमेतल्या पेशींचा डीएनए फार असतो.

इथेही ‘दिसलं नाही’ म्हणजे ‘नाही’ का, हा तोच प्रश्न येतो. २५ नॅनोग्रॅम डीएनएत ७,५०० प्रती असतात. म्युटेशनचा वाटा ०.०१% असेल तर नळीत सरासरी पाऊण प्रत येते, म्हणजे कर्करोग असूनही जवळजवळ निम्म्या वेळा एकही प्रत नळीत नसते. यंत्र कितीही चांगलं असलं तरी नळीत नसलेला रेणू ते वाचू शकत नाही. एकाऐवजी ५० म्युटेशनं शोधली की हीच सरासरी ३७ वर जाते. पोटाच्या आवरणावर पसरलेला रोग रक्तात डीएनए कमी सोडतो, म्हणून अशा रुग्णाचा नकारात्मक अहवाल देताना वापरलेला डीएनए किती होता आणि त्यात किती वाट्यापर्यंतचं म्युटेशन दिसू शकलं असतं, हे दोन आकडे अहवालातच छापा.

संमती आणि जन्मजात बदल

निरोगी नमुन्याचं सिक्वेन्सिंग करताना एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ किंवा पीएमएस२ यांतला जन्मजात बिघाड, म्हणजे लिंच सिंड्रोम, समोर येऊ शकतो. आतड्याच्या कर्करोगाच्या सुमारे ३% रुग्णांत तो असतो आणि भावंडांना, मुलांना त्याची निम्मी शक्यता असते. असा निकाल आला तर रुग्णाला तो हवा आहे का, तो कोण सांगणार, आणि रुग्ण हयात नसेल तर कुटुंबात कोणाला कळवायचं, हे संमतीपत्रात पहिल्याच दिवशी लिहून घ्या. संशोधनासाठी केलेल्या चाचणीचा निकाल तसाच कुटुंबाच्या हाती देऊ नका. नवा नमुना घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत खात्री करून घ्या आणि जनुकीय समुपदेशकाला सोबत घेऊनच तो सांगा.